दाराकडे पाठ करून

गोविंद राव सार बाळंतीण बघायला यायचे तेव्हा दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. ते बाळाकडे बघायचे नाहीत आणि बाळंतिणीकडेही बघायचे नाहीत. मग हा गृहस्थ बघायला येतो तरी काय, असा प्रश्न तंजावूरच्या आमच्या गल्लीत नवीन आलेल्या माणसाला पडायचा. मलाही पडला होता.

ते तिण्णैवर, म्हणजे घराबाहेरच्या ओट्यावर, दाराकडे पाठ करून बसायचे. परपुरुषानं बाळंतिणीच्या खोलीत डोकावू नये हा त्यांचा नेम, आणि चौकशी केल्याशिवाय राहवत नाही हा स्वभाव. दोहोंची तडजोड अशी की तोंड रस्त्याकडे आणि प्रश्न आत. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा कमावलेला. पाणी किती प्यालीस, पोट साफ झालं का, पाजताना दुखतं का, हे सगळं ते रस्त्याला विचारायचे आणि उत्तर आतून यायचं. एकदा एका तमिळ घरासमोर बसून त्यांनी असंच तमिळमध्ये विचारलं, "पोट साफ झालं ना?" समोरून पालेभाजीवाला सायकलवर चालला होता. त्यानं पाय टेकवून अदबीनं सांगितलं, "झालं सार, सकाळीच." तोही त्यांचा विद्यार्थीच निघाला.

तिथे सगळे 'सर'ला 'सार' म्हणतात. ओरत्तनाडूच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. रोज तंजावूरहून बसनं जायचे आणि यायचे. घराणं मराठी, पण किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते त्यांनाही सांगता येत नसे. बोलणं मराठी, लिहिणं तमिळ, रागावणं इंग्रजी. देवनागरी अक्षर वाचता येत नव्हतं आणि त्याची खंतही नव्हती. अंगावर पांढरं वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, आणि शर्ट, खिशाला लाल शाईचं पेन. निवृत्त होऊन काळ लोटला तरी बोलणं संपलं की दोन्ही हात एकमेकांवर झटकायचे, खडूची भुकटी उडवल्यासारखे. आणि मग विचारायचे, "एनी डाउट?"

मी नाशिकची. लग्न होऊन तंजावूरला, अशाच एका मराठी घरात आले. माझ्या आईचं ऑपरेशन झालेलं होतं म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं, आणि सुरू झालं पत्तियम. पत्तियम म्हणजे बाळंतिणीचं पथ्य. पथ्य आमच्याकडेही असतं, पण त्यात डिंकाचे लाडू असतात, अळिवाची खीर असते, माणूस त्याची वाट बघतं. इथे माझ्या सासूबाईंचं, म्हणजे अम्मांचं, पथ्य म्हणजे मऊ भात, तूप, मिरी-सुंठीची पूड, भाजलेला लसूण आणि घोट घोट गरम पाणी. जास्त पाणी प्यालं की पोट सुटतं आणि बाळाला सर्दी होते, असं त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलेलं. बाहेर तंजावूरचा उन्हाळा भाजत होता. जीभ टाळ्याला चिकटायची. आणि बाळाला दूध पुरत नाही म्हणून वर बोलणीही मीच खायची.

अशात एका सकाळी तिण्णैवरून आवाज आला.

"रुक्मिणी अक्का, सुनेला पाणी देताय की?"

"देतें की," अम्मा आतूनच म्हणाल्या. "लागेल तितकें देतें."

"कोणाला लागेल तितकें? तुम्हाला की तिला?"

सार रस्त्याकडे बघून पुढे म्हणाले, "मेट्टूरचें धरण उघडलें नाही तर तुमच्या माहेरच्या शेतांत भात येतें? तुम्हीच कालवा बंद करायचें, आणि वर पीक नाही म्हणायचें. दूध पुरेना म्हणून काल तुम्हीच सांगट्लें ना?"

अम्मांच्या माहेरी कावेरीच्या काठाला भातशेती. दुसरं कुठलंही शास्त्र त्यांनी उडवून लावलं असतं, पण हे थेट काळजाला लागलं. त्या तणतणत आत आल्या आणि माझ्यापुढे तांब्या आदळला. तो काठोकाठ भरलेला होता. त्या तांब्याइतकं गोड पाणी मी आजवर प्यालेले नाही.

"सार, बाळ नाही बघणार?" मी आतून विचारलं.

"लेकराला बघायला असका गांव येतो. तुला बघायला कोण येतो?"

मला रडू आलं. बाळंतपणात रडू लवकर येतं हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. त्या घरात सगळे मला बाळाची आई म्हणून ओळखायला लागले होते, आणि मला पाणी मिळतं की नाही हे विचारणारा हा पहिला माणूस होता. ते गेल्यावर ओट्यावर कडीचा डबा राहिला होता. त्यात शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि नाचणीची गोड पेज. स्वतः केलेली. अम्मांनी नाक मुरडलं, चव घेतली आणि डबा माझ्याकडे सरकवला.

हे वेड त्यांना कुठून लागलं ते मला अम्मांनीच पुढे केव्हातरी सांगितलं. सारांच्या बायकोचं बाळंतपण त्यांच्या आईनं केलं, असंच, पाणी तोडून. सार तेव्हा तरुण मास्तर. शाळेत दूध पाजणाऱ्या आईचा आहार शिकवत होते आणि घरी आईपुढे तोंड उघडत नव्हते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बायकोचं दूध आटलं, ती खंगली, आणि पुढे कधीच धड झाली नाही. एकुलती मुलगी गायत्री कॉलेजात असताना ती गेली. सार त्याबद्दल एकच वाक्य बोलायचे, "वर्गांत बोललों, घरांत नाही." त्यानंतर मात्र ते दुसऱ्यांच्या घरात बोलू लागले. कुणी बोलावलं नाही तरी.

पाण्याची लढाई त्यांनी गल्लीत जिंकली. मग दुसरी काढली, साखरेची. ह्या भागात शुगर घरटी आहे. ज्याच्या घरी नाही त्याच्याकडे लोक संशयानं बघतात. गरोदरपणात शुगर वाढलेल्या पोरीही पुष्कळ. बाळ झालं की घरच्यांना वाटतं, संपलं, पोटातलं गेलं तसं रक्तातलंही गेलं. मग पुन्हा तपासणी कोण करतंय? उलट गूळ, तूप आणि औषधी घालून केलेलं लेहियम चमच्या-चमच्यानं सुरू होतं. एका घरी सारांनी ती लेहियमची बरणी मागून घेतली, "तपासतो" म्हणून. घरी पोचेपर्यंत वाटेत निम्मी संपवली. गोडावर त्यांचा जीव होता आणि त्यांना स्वतःला शुगर नव्हती, ही गल्लीतली सगळ्यात अन्यायाची गोष्ट मानली जायची.

त्यांचं सांगणं असं: पोटातल्या नऊ महिन्यांचं सगळ्यांना कौतुक, पण बाळाचं अंग तिथे पुरं होत नाही. दूध पितं त्या महिन्यांत ते अंग शिकत असतं, किती भूक धरायची, किती चरबी साठवायची, साखर आली तर तिचं काय करायचं. आईचं रक्त साखरेनं भरलेलं असेल, किंवा आई उपाशी असेल, तर दूधही थोडं वेगळं होतं आणि लेकराचं अंग तो धडा गिरवतं. मोठेपणी वजन वाढलं, शुगर आली, की आपण भाताला शिव्या देतो. "धडा तेव्हांचा असतो," सार म्हणायचे. ह्या सगळ्याचं त्यांनी एक वाक्य करून टाकलं होतं, तमिळमध्ये आणि मराठीत: आई खाते तें लेकरूं पितें. गुटगुटीत बाळाचं कुणी कौतुक केलं की ते हे वाक्य फेकायचे. पोरीबाळींना ते पाठ झालं. पाटीवर लिहून दिल्यासारखं सगळ्या गल्लीला पाठ झालं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टर कनकवल्ली त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी. त्या एकदा माझ्यासमोर त्यांना म्हणाल्या होत्या, "सार, तुमचं अर्धं बरोबर आहे. पण अर्धं वाक्य लोक पुरं करून घेतात."

"मग तूं पुरं सांग की," सार म्हणाले.

"पुरं इतकं सोपं नसतं, म्हणून ते कुणी पाठ करत नाही."

सार हसले आणि हात झटकले.

मग गायत्रीला दिवस गेले. ती कोइम्बतूरला शाळेत शिकवायची. नवरा वेंकट तिथेच नोकरीला. सारांची लेक ती, त्यांच्यासारखीच बोलकी, बापाची नक्कल अशी करायची की अम्मा हसून हसून पोट धरायच्या. गरोदरपणात शुगर निघाली आणि इन्सुलिन लागलं. सारांनी मनाला लावून घेतलं नाही. "आहे तर आहे. आपण बघून घेऊं," म्हणाले. बाळंतपणाला ती तंजावूरला आली, मुलगी झाली, मीनाक्षी, मीनू. शुगर मात्र गेली नाही. कनकवल्लीबाईंनी इन्सुलिन चालूच ठेवायला सांगितलं, आणि अंगावर पाजायलाही सांगितलं, दोन्हीचं एकमेकांशी वैर नाही हे नीट समजावून.

सारांचे ते महिने मी विसरणार नाही. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या ओट्यावर पाठ करून बसलेला माणूस आता स्वतःच्या स्वयंपाकघरात हक्कानं उभा होता. पहाटे बाजारातून शेवग्याचा पाला, घरात मासे चालत नाहीत म्हणून त्याऐवजी कसली कसली कडधान्यं, ताक. भात मोजून. गायत्री पुढ्यात बसून खायची आणि हे उभे राहून बघायचे. मी संध्याकाळी गेले की मला कौतुक ऐकवायचे.

"बघितलीस? घागर संपवते. मी सांगावें लागत नाही. आपल्या गल्लींत पाणी पिणारी बाळंतीण पहिल्यापासून हीच!"

गायत्री तांब्या तोंडाला लावून डोळे मिचकावायची. "अप्पा, मेट्टूर उघडलें!"

ती बारीकही होत गेली. सगळ्या बायका तिला त्याचं गुपित विचारू लागल्या. पाजलं की वजन उतरतंच, कुणीतरी म्हणालं. भूकही सडकून लागायची, पाजणारीला लागतेच. दमायची, मूल रात्री झोपू देत नाही, दमणारच. तहान, भूक, बारीक होणं, थकवा. एकेक गोष्ट पाजणाऱ्या बाईत असायचीच, आणि शुगर हाताबाहेर गेलेल्या माणसातही नेमकी हीच असते. ज्या माणसानं पाण्याच्या तांब्यासाठी अख्ख्या गल्लीशी भांडण केलं, त्याच्या लेकीची तहान बघून तोच सगळ्यात जास्त खूश झाला होता. आम्ही सगळेच खूश होतो. तपासणीला नेलंय का, असं कुणी विचारलंच नाही, कारण सारांच्या घरी ते विचारायचं म्हणजे पुजाऱ्याला तुम्ही दिवा लावलात का म्हणून विचारण्यासारखं.

पोंगल झाल्यावर ती कोइम्बतूरला परतणार होती. पोंगलनंतरच तिला ताप आला. छातीत गाठ धरली होती, दूध साठून. दोन दिवस घरगुती उपायात गेले. मग उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात चालू लागला, आणि ऑटोत घालून तिला दवाखान्यात नेलं. मीनूला घेऊन मी मागच्या ऑटोत होते.

कनकवल्लीबाई आधीच पोचल्या होत्या. रक्त तपासल्यावर त्यांचा चेहरा पालटला. त्या गायत्रीवर वाकल्या आणि तमिळमध्ये विचारलं, "इन्सुलिन घेत होतीस ना? खरं सांग."

गायत्रीचं लक्ष माझ्या कडेवरच्या मीनूकडे होतं. ती म्हणाली, "नाही. महिन्या-दोन महिन्यांनीच सोडलं."

"का गं?"

"दुधात उतरेल म्हणून." तिला बोलताना धाप लागत होती. "आई खाते तें लेकरूं पितें. मग सुईतून घेतलेलंही तीच पिणार ना? मला माझ्या पाप्पाला, माझ्या बाळाला, औषध पाजायचं नव्हतं. सगळं खाणं तर अप्पा नीट देतच होते."

सार पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघवलं नसतं. कनकवल्लीबाई हळू आवाजात गायत्रीला म्हणाल्या, "इन्सुलिननं बाळाला काही होत नाही, पोरी. मी सांगितलं होतं." गायत्री म्हणाली, "हो. पण अप्पांनी आधी सांगितलं होतं. कधीचंच."

त्यात तक्रार नव्हती, हे मला अजून आठवतं. बापाचा धडा आपण नीट पाळला असं सांगताना पोरीच्या तोंडावर असतं तसंच काहीतरी तिच्या तोंडावर होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

त्यानंतर सार घराबाहेर पडेनासे झाले. वेंकट रडत होता, पण त्याला नोकरी होती आणि आठ-नऊ महिन्यांचं मूल एकट्यानं सांभाळता येत नव्हतं. मीनू सारांकडेच राहिली. त्यांची एक विधवा बहीण आली मदतीला. मीनू बाटली तोंडाला लावू देत नव्हती. सार वाटी-चमच्यानं तिला दूध पाजायचे, तासन्‌तास, एक शब्दही न बोलता. एवढ्या बोलक्या माणसाच्या घरातून चमच्याचा आवाज तेवढा यायचा. मला त्यांचा राग आला होता, हेही सांगते. गायत्री माझ्या बरोबरीची, माझी मैत्रीण. राग फार दिवस टिकला नाही, कारण रागाला काही जागाच उरली नव्हती त्या माणसात.

एकदा कनकवल्लीबाई मीनूला बघायला आल्या असताना मी तिथे होते. सारांनी अचानक विचारलं, "त्या दुधांत काय होतें?"

"कुठल्या?"

"तिच्या. एवढ्या महिन्यांच्या. साखर चढलेली असताना जें पाजलें, तें ह्या लेकराच्या अंगांत काय शिकवून गेलें? पुढें हिला काय होणार?"

मग बाईंनी पूर्ण वाक्य सांगितलं, जे कुणी पाठ करत नाही. म्हणाल्या, आईच्या तब्येतीचा दुधावर परिणाम होतो आणि दुधाचा बाळावर होऊ शकतो, हे खरं. पण एका मुलाचं पुढे काय होईल ते त्यावरून कुणालाही सांगता येत नाही. आईबापाकडून आलेलं असतं, घरातलं खाणं असतं, खेळणं असतं, झोप असते. आणि आईचं दूध मिळालं ही गोष्टच मुळात मीनूच्या बाजूची आहे. "तिला पळू द्या, सार. जाड होऊ देऊ नका, आणि भीतीनं उपाशीही ठेवू नका. एवढंच तुमच्या हातात आहे."

"म्हणजे माहीत नाही," सार म्हणाले.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

मला वाटतं त्यांना शिक्षा हवी होती. 'माहीत नाही'मध्ये शिक्षाही नव्हती आणि सुटकाही नव्हती. जन्मभर ज्यानं पेपर तपासले त्याला हे उत्तर फार जड गेलं.

मीनू चालायला लागली होती त्या सुमाराची गोष्ट. आमच्या गल्लीत फुलं विकणाऱ्या बाईची लेक सेल्वी बाळंत होऊन आली होती. तिलाही शुगर. तिची आई एका सकाळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, पोरगी गोळ्या घेईना, तुम्ही सांगा. मी जाऊन सेल्वीला कारण विचारलं. ती सरळ म्हणाली, "सारांनी सांगितलेलंच आहे की. आई खाते ते लेकरू पिते. मी गोळी कशी खाऊ?"

गायत्री गेली, सारांचं तोंड बंद झालं, पण ते वाक्य गल्लीतून चालतच होतं. त्याला थांबवणारं कुणी नव्हतं. मी हजार वेळा समजावलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. माझं कोण ऐकणार, मी काय जीवशास्त्राची मास्तरीण?

मी जाऊन सारांना सांगितलं. ते मीनूला भात भरवत होते. घास तसाच हातात राहिला. बहिणीकडे मूल देऊन ते उठले, शर्ट घातला, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा गल्लीत उतरले. सेल्वीच्या दारात ओटा नव्हता, एक पायरी होती. तिच्यावर ते बसले, रस्त्याकडे तोंड करून. मी बाजूला उभी.

"सेल्वी," ते तमिळमध्ये म्हणाले, "मी एक गोष्ट चुकीची शिकवली."

रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबले.

"माझी मुलगी गायत्री कशानं गेली तुला माहीत आहे?"

"ताप आला होता, सार."

"ताप नाही. तिनं इन्सुलिन सोडलं होतं. दुधात उतरेल म्हणून. ते मी शिकवलेलं. मी अर्धंच शिकवलं होतं. आईनं औषध टाकलं तर आई बिघडते, आणि बिघडलेल्या आईचंच दूध बाळ पितं. हे मी कधी सांगितलं नाही, कारण मला सुचलं नाही. डॉक्टरीणबाईंनी दिलेली गोळी बाळाला बाधत नाही. तू ती घे. माझं वाक्य सोड."

त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा होताच. रस्त्यावरच्या बायकांनी पदर डोळ्याला लावला. आत पाण्याच्या भांड्याचा आवाज झाला आणि सेल्वीची आई बाहेर येऊन म्हणाली, घेतली. सार उठायला गेले, त्यांना उठवेना. मी हात दिला.

मग ते पुन्हा घरोघरी जाऊ लागले. पण पूर्वीसारखं नाही. पाण्याबद्दल, जेवणाबद्दल विचारायचेच, आणि मग प्रत्येक ठिकाणी गायत्रीची गोष्ट सांगायचे, पहिल्यापासून, स्वतःविरुद्ध. लोक म्हणायचे, पुरे झालं सार, सगळ्यांना माहीत आहे. ते म्हणायचे, नव्या बाळंतिणीला माहीत नसतं. एकाच माणसाला एवढ्या वेळा आपली मुलगी गमवावी लागताना मी पाहिलेलं नाही. घरी आले की मीनूला घेऊन मोठ्या देवळाच्या आवारात जायचे आणि तिला दगडी फरशीवर पळायला लावायचे. ती पळायची, हे मागे चालायचे. वाढदिवसाला गोड करायचे, थोडंच, पण करायचे. ती मागेल तेव्हा मात्र घाबरायचे.

वेंकटनं पुढे दुसरं लग्न केलं. रेवती नावाची मुलगी, साधी, मनानं चांगली. मीनूची शाळा सुरू होणार होती तेव्हा ते दोघं तिला कोइम्बतूरला न्यायला आले. सारांनी वाद घातला नाही. मूल बापाकडे जायला हवं, असं तेच म्हणाले. मला म्हणाले, "बस स्टँडवर तूं ये. मला एकट्याला होणा, धीर नाही."

मी त्यांना तिथे पाहिलं ते शेवटचं. त्याच महिन्यात आमची चेन्नईला बदली झाली आणि पुढच्या वर्षी तिथेच फोनवर ते गेल्याचं कळलं.

बस लागायला वेळ होता. वेंकट सामान चढवण्याच्या खटपटीत. रेवती बाकावर बसून पदराआड आपल्या तान्ह्याला पाजत होती. मीनू तिच्यासमोर उभी राहून टक लावून बघत होती, मुलं बघतात तशी. मग ती सारांकडे, आपल्या आजोबांकडे, आली आणि त्यांचं वेष्टी ओढलं.

"ताता, माझी अम्मा मला दूध देत होती?"

"देत होती की."

"चांगलं होतं?"

मी सारांना ओळखत होते. खोटं उत्तर त्यांनी कधी कुठल्या मुलाला दिलं नव्हतं. माहीत नसलं तर उद्या सांगतो म्हणायचे. त्या दुधात काय होतं हा एकच प्रश्न तो माणूस एवढी वर्षं उराशी धरून जगला होता, आणि आता तो पाच वर्षांच्या पोरीनं विचारला होता, आणि उद्या सांगायला ती इथे असणार नव्हती. मीनू वर बघत वाट पाहत होती. बसवाल्यानं हॉर्न दिला.

ते खाली बसले, तिच्या उंचीला.

"चांगलें होतें," ते म्हणाले. "बेष होतें. पोटभर होतें."

मीनूला तेवढंच हवं होतं. "सरि," म्हणजे बरं, असं म्हणाली आणि खिडकीची जागा पकडायला पळाली. पळताना तिच्या दोन वेण्या उडत होत्या. वेंकट येऊन पाया पडला, रेवती बाळासकट वाकली. बस मागे झाली, वळली. खिडकीतून एक छोटा हात बराच वेळ हलत होता.

सार अजून तसेच उकिडवे बसले होते. मी उठवायला वाकले तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मी खोटें बोललों नाही ना?"

"नाही, सार," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, पण मनगट सोडलं नाही, तेव्हा मीही शेजारी टेकले. बस रस्त्याला लागून दिसेनाशी झाली तरी आम्ही दोघं तिथेच बसून होतो.